मोसिन-नागंटचा बोल्ट तापल्यावर अडकतो: दोष नेमका कुठे आहे ते आधी शोधा

पहिली दहा-पंधरा काडतुसं सुरळीत जातात. मग हँडल उचलताना जड लागू लागतं. पुढे तळहाताने खालून ठोसा द्यावा लागतो, आणि चौथी क्लिप संपेपर्यंत बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, असा धरून बसतो की लाकडी मोगरीशिवाय हलत नाही. रायफल थंड झाली की तोच बोल्ट दोन बोटांनी उघडतो. आपण नळी साफ करतो, बोल्टला तेल लावतो, रायफल कपाटात ठेवतो, आणि पुढच्या वेळी पंधराव्या-सोळाव्या गोळीला पुन्हा तेच.

ही तक्रार इतकी रुळली आहे की नव्या माणसाला पहिलं उत्तर मिळतं, "मोसिन अशीच असते." मला ते मान्य नाही. १८९१ साली रशियन सैन्याने स्वीकारलेली ही रायफल दोन महायुद्धांत वापरली गेली. १९३९-४०च्या हिवाळी युद्धात तर फिनलंड आणि सोव्हिएत संघ, दोन्हीकडच्या सैनिकांच्या हातात हीच यंत्रणा होती. सोव्हिएत सैनिकाला रायफलबरोबर दोन कप्प्यांची पत्र्याची कुपी मिळायची, एका कप्प्यात अल्कलीचं द्रावण आणि दुसऱ्यात तेल. मोगरी कुणालाही दिली जात नव्हती. तुमचा बोल्ट मोगरी मागत असेल तर कुठेतरी दोष आहे, आणि तो सापडतो. बऱ्याचदा तो धातूत नसतोच, चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटलेल्या जुन्या ग्रीसमध्ये असतो. तरीही थेट कानस किंवा पॉलिश पेपर हातात घेऊ नका. आधी चाचण्या करा. त्याला अर्धा तास लागतो आणि एक कणही धातू झिजत नाही.

जड म्हणजे नक्की कधी जड?

"बोल्ट घट्ट आहे" या तीन शब्दांत तीन वेगळे आजार लपलेले असतात. काडतूस आत ढकलून हँडल खाली आणताना जड लागत असेल तर तो या लेखाचा विषय नाही. तिथे काडतुसाचा आकार, चेंबरमधला अडथळा किंवा मॅगझिनमध्ये एकात एक अडकलेले रिम, म्हणजे काडतुसांच्या बुडाच्या कडा, पाहावे लागतात. गोळी उडाल्यावर हँडल वर उचलताना जड लागणं हा दुसरा आजार. हँडल पूर्ण वर आलं, पण मागे खेचताना पुंगळी सोडत नाही, हा तिसरा. दुसरा आणि तिसरा अनेकदा हातात हात घालून येतात, कारण हँडल उचलण्याच्या शेवटच्या टप्प्यातच बोल्ट पुंगळीला जागेवरून किंचित मागे ओढतो. म्हणून पुढच्या वेळी अडकला की ठोसा मारण्याआधी एक क्षण थांबा आणि लक्ष द्या: अडकतो तो उचलण्याच्या सुरुवातीला की शेवटी? सुरुवातीलाच जड असेल तर संशय स्प्रिंग, कॅम (स्प्रिंग ताणणारा तिरका उतार) आणि लग (बोल्टला बंद धरणारे दात) यांच्यावर. शेवटी जड असेल तर संशय चेंबरवर.

आता चाचण्या. चेंबर आणि मॅगझिन रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा, जवळपास एकही काडतूस ठेवू नका.

रिकाम्या रायफलचा बोल्ट बंद करा. फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आदळणारी सुई, आता ताणलेली आहे. चाप न ओढता हँडल उचला. या वेळी स्प्रिंग दाबायची नसते, त्यामुळे हँडल अगदी हलकं जायला हवं. इथेच खरखर किंवा घासणं जाणवलं तर दोष लग, बोल्टची वाट किंवा दस्त्याच्या (रायफलच्या लाकडी अंगाच्या) जुळणीत आहे.

मग बोल्ट पुन्हा बंद करा, सुरक्षित दिशेला नळी धरून चाप ओढा आणि हँडल उचला. मोसिन उघडताना ताणली जाते, म्हणजे मेनस्प्रिंग दाबण्याचं काम हँडल उचलतानाच होतं. जर्मन मॉउझर ९८ रायफलचीही तीच रीत, पण तिचं हँडल लांब आहे, मोसिनचं आखूड. आखूड हँडलला तरफेचा फायदा कमी मिळतो. ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफल मात्र बंद करताना ताणली जाते, म्हणून एनफिल्डची सवय असलेल्या हाताला मोसिन पहिल्या दिवसापासून जड वाटते. एवढा जडपणा स्वाभाविक आहे, त्यामागे कुठलाही बिघाड नाही. पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीतला फरक हाताने नीट लक्षात ठेवा. तो फरक म्हणजे तुमच्या स्प्रिंगचं आणि कॅमचं वजन. गोळी उडाल्यावर जेवढं जास्त जड लागतं, तेवढंच तुम्हाला शोधायचं आहे.

तिसरी चाचणी मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. याच रायफलमधून उडवलेली एक पुंगळी घ्या, तिच्या अंगाला काळ्या मार्करचा पातळ थर द्या, चेंबरमध्ये सरकवा, बोल्ट बंद करा, उघडा. पुंगळी बाहेर काढून उजेडात फिरवून पाहा. मार्कर जिथे घासला गेला तिथे चेंबर तिला धरतो. खांद्याजवळ गोल पट्टा उमटला तर तिथे थर साचला आहे. लांबट ओरखडा उमटला, पुंगळी फिरवून घातली तरी रायफलच्या त्याच बाजूला पुन्हा उमटला, तर तिथे बर (धातूची उभी राहिलेली कड), खड्डा किंवा यंत्राची जुनी खूण आहे. मोसिनच्या ७.६२ बाय ५४ आर या काडतुसाची पुंगळी बुडापासून खांद्यापर्यंत चांगलीच निमुळती आहे. निमुळती वस्तू पाचरीसारखी असते: केसभर मागे आली की सगळीकडून सुटते. एवढा सोयीचा आकार असूनही ती सुटत नसेल तर चेंबरच्या भिंतीवर काहीतरी नक्की आहे.

चेंबर: इथेच सगळा वेळ द्या

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांत या रायफली मोठ्या संख्येने दुरुस्त केल्या गेल्या. दस्त्यांना शेलॅक (लाखेचं पॉलिश) दिलं, भागांवर क्रमांक नव्याने ठोकले आणि मग रायफल कॉस्मोलिनमध्ये अक्षरशः बुडवून पेट्यांत भरून ठेवली. कॉस्मोलिन हे पेट्रोलियमपासून केलेलं मेणासारखं गंजरोधक ग्रीस. साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आसपास ते वितळतं. वर्षानुवर्षं हवेत राहिलं की त्यातला पातळ अंश उडून जातो आणि मागे राहतो तो चिवट, पिवळसर तपकिरी थर.

नवी रायफल घेतली की सगळे नळी साफ करतात, कारण नळीतून पलीकडचं दिसतं. चेंबर मागच्या बाजूला, आत, रुंद आणि अंधारा. नळीच्या मापाचा ब्रश त्यातून जाताना भिंतीला टेकतसुद्धा नाही. दहा वेळा नळी साफ करून चेंबर तसाच राहतो, आणि म्हणून "सगळं साफ केलं तरी अडकतो" ही तक्रार उभी राहते.

गोळ्या उडू लागल्या की चेंबर तापतो आणि थर मऊ पडतो. दाबाने फुगलेली पुंगळी त्या मऊ थरात रुतते आणि डिंकात बसल्यासारखी बसते. वर काजळी मिसळते. थंड झाल्यावर थर पुन्हा कडक, म्हणून घरी बोल्ट निर्दोष वाटतो. ठरावीक संख्येनंतर अडकणं आणि थंड झाल्यावर सुटणं, ही या थराची ओळख. माझ्या १९४२ च्या इझेव्हस्कमध्ये, म्हणजे इझेव्हस्कच्या कारखान्यात बनलेल्या मोसिनमध्ये, तीन क्लिप, म्हणजे १५ काडतुसं, नेहमी ठीक जायची आणि चौथीत अडकायचा. त्या आकड्यानेच मला चेंबरकडे नेलं. तोवर मी दोन महिने बोल्टचेच भाग घासून-पुसून पाहत होतो.

साफ करायची रीत अशी. बोल्ट काढा. मागून बॅटरीचा उजेड टाका. स्वच्छ चेंबर चहूबाजूंनी सारखा चमकतो, थर असेल तर खांद्याजवळ धुरकट तपकिरी कडं दिसतं. लाकडी काठीच्या टोकाला सुती चिंधी गुंडाळून ती रॉकेलमध्ये किंवा मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवा, चेंबरमध्ये घट्ट बसेल एवढी जाड ठेवा, आणि पंधरा-वीस मिनिटं तशीच आत राहू द्या. घाई करू नका, हा थर द्रावणाला हळूहळूच दाद देतो. मग फिरवून बाहेर काढा. चिंधी चहासारखी तपकिरी आली तर तुमचं निदान बरोबर आहे.

त्यानंतर ब्रॉन्झचा ब्रश, पण नळीचा नाही. चेंबरचा मागचा भाग साधारण साडेबारा मिलिमीटर रुंद असतो. २० बोअरच्या शॉटगनचा ब्रश तिथे दाबून बसतो आणि भिंतीला खरा भिडतो. क्लीनिंग रॉडचा एक आखूड तुकडा घेऊन त्यावर ब्रश बसवा, ड्रिल मशीनमध्ये पकडा, ब्रश द्रावणात बुडवा आणि अगदी कमी वेगाने अर्धा-एक मिनिट फिरवा. आत जाताना आणि बाहेर येताना ब्रश फिरता ठेवा, नाहीतर तारा उलट्या वळून अडकतात. खांद्याच्या पुढे जबरदस्तीने ढकलू नका. नंतर कोरडी चिंधी. पुन्हा द्रावण, पुन्हा ब्रश, पुन्हा चिंधी. पांढरी चिंधी पांढरीच बाहेर येईपर्यंत. माझ्या रायफलला हे नऊ वेळा करावं लागलं, आणि पाचव्या वेळी मला वाटलं होतं की झालं.

शेवटी उकळतं पाणी. दस्ता काढून, नरसाळ्याने चेंबरच्या बाजूने नळीत ओता, तोंडाच्या बाजूने बाहेर पडू द्या. पाण्याच्या उष्णतेने उरलेलं कॉस्मोलिन मऊ होऊन निघतं आणि तापलेला धातू स्वतःच सुकतो. लगेच कोरडं पुसून तेलाचा पातळ हात द्या. रायफल वापरायला नेण्याआधी मात्र चेंबरमधलं तेल पूर्ण पुसा. तेलकट चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. "चेंबरला तेल लाव, पुंगळी सुटेल" हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे आणि धोकादायकही आहे.

चेंबरमध्ये पॉलिश पेपर, व्हॉल्व्हवर वापरायची घासाईची पेस्ट, लोखंडी ब्रश, यातलं काहीही नको. द्रावणाला दाद न देणारा एखादा हट्टी पट्टा राहिलाच तर सगळ्यात बारीक, चार शून्यांचं स्टीलवूल ब्रशला गुंडाळून, तेल लावून, काही सेकंद. त्यापुढे नाही. चेंबरमधून गेलेला धातू परत येत नाही आणि चेंबरचं माप बिघडलं तर रायफलच गेली.

लाखेचं काय?

स्टीलच्या पुंगळ्यांवर गंज येऊ नये म्हणून लाखेसारखा थर असतो. तो तापून वितळतो आणि चेंबरमध्ये चिकटतो, असं जुनं स्पष्टीकरण आहे. मला ते पटत नाही. चेंबर कॉस्मोलिनपासून मुक्त झाल्यावर माझ्या रायफलमधून त्याच लाखेच्या पुंगळ्या विनातक्रार सुटतात. पितळ आणि स्टील यांत फरक आहे, पण तो लवचीकपणाचा. दाब ओसरल्यावर पितळी पुंगळी स्टीलपेक्षा जास्त आकसते आणि भिंतीपासून मोकळी होते. स्टील कमी आकसतं, म्हणून चेंबर जरासा घाण किंवा खडबडीत असला की स्टीलची पुंगळी आधी अडकते.

याच फरकाचा चाचणीसाठी उपयोग होतो. रायफल तापलेली असताना, स्टीलची पुंगळी अडकू लागल्यावर, लगोलग कारखान्यात भरलेली पितळी काडतुसं पाच-सहा उडवून पाहा. पितळ सहज सुटलं तर दोष चेंबरच्या पृष्ठभागाचा. पितळही तितकंच अडकलं तर बोल्टकडे वळा, आणि दाबाच्या खुणाही तपासा.

चेंबर स्वच्छ, तरी जड

इथून पुढे बोल्ट उघडून पाहावा लागतो. मोसिनचा बोल्ट हत्यारांशिवाय उघडतो, ही त्या रचनेची फार मोठी गुणवत्ता आहे. बोल्टच्या आतल्या पोकळीत स्प्रिंगभोवती कॉस्मोलिन भरलेलं असेल तर ते आधी काढा. सगळे भाग रात्रभर रॉकेलमध्ये ठेवले की काम होतं.

फायरिंग पिन मागच्या कॉकिंग पीसमध्ये, म्हणजे तिला ताणून धरणाऱ्या भागात, आट्यांवर बसते, त्यामुळे जोडताना ती किती पुढे येते हे तुमच्या हातात असतं. रायफलबरोबरच्या जुन्या हत्यारावर ७५ आणि ९५ अशा दोन खाचा असतात. ते इंचाच्या हजारांश भागातले आकडे आहेत, म्हणजे सुमारे १.९ आणि २.४ मिलिमीटर. ९५ च्या खाचेतून पिनचं टोक न टेकता गेलं पाहिजे आणि ७५ च्या खाचेला टेकलं पाहिजे. पिन फार पुढे आली तर प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टिकली, फुटतो, फार मागे राहिली तर काडतूस उडत नाही. बोल्ट उघडला की हे माप दरवेळी घ्या.

आता बोल्टच्या मागच्या टोकाचा तिरका कॅम पाहा. कॉकिंग पीसचं नाक त्यावरून वर चढतं. युद्धकाळात घाईने बनलेल्या रायफलींवर, विशेषतः १९४२-४३ च्या, यंत्राच्या रेघा स्पष्ट दिसतात आणि नाक त्या रेघांवरून खडखडत जातं. इथे थोडी घासाई चालते: हजार नंबरच्या पुढचा पॉलिश पेपर, तेल लावून, फक्त उंच कडा मोडण्यापुरती. तिरकेपणाचा कोन बदलायचा नाही. कॉकिंग पीस आणि सिअर (त्याला अडवून धरणारा, चापाने सुटणारा भाग) जिथे एकमेकांना धरतात त्या पृष्ठभागाला अजिबात हात लावू नका. तिथली चूक म्हणजे चापाला बोट न लावता उडणारी गोळी. नंतर कॅमवर आणि लगच्या मागच्या बाजूला मॉलिब्डेनमयुक्त ग्रीसचा तांदळाएवढा थेंब. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

बोल्टचं डोकं दुसऱ्या रायफलचं लावून पाहायचा मोह अनेकांना होतो, कारण ते सहज निघतं. मोसिनचे दोन्ही लग त्या डोक्यावरच आहेत, म्हणजे डोकं बदललं की हेडस्पेस, म्हणजे बोल्टचं तोंड आणि काडतुसाची बैठक यांतलं अंतर, बदललं. गेजने तपासून घेतल्याशिवाय अशा जोडणीतून एकही काडतूस उडवू नका.

दस्ता बदलल्यावर त्रास सुरू झाला असेल तर वेगळाच विचार करा. नव्या प्लॅस्टिकच्या दस्त्याच्या कडेला हँडल घासतं, किंवा पुढचा स्क्रू जरा लांब असल्यामुळे वर येऊन बोल्टच्या वाटेत टेकतो. रायफल दस्त्यातून काढून, रिकामी, पहिली चाचणी पुन्हा करा. दस्त्याबाहेर हलकं आणि दस्त्यात जड, म्हणजे उत्तर मिळालं. स्क्रूचं टोक घासा, रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो ते पोलादी घर) नको.

हँडल वाकवून लांब करणं हाही एक प्रचलित उपाय आहे. पीयू दुर्बिणीच्या मूळ स्नायपर मोसिनला खाली वळलेलं लांब हँडल होतं, पण ते दुर्बिणीला जागा मिळावी म्हणून. अडकणारा बोल्ट जास्त जोराने उघडता यावा एवढ्यासाठी हँडल कापून वेल्डिंग करणं म्हणजे ताप लपवायला थर्मामीटर फोडणं. वेल्डिंगच्या उष्णतेने बोल्टचं कडकपण जाण्याचा धोका वेगळाच, आणि शंभरी गाठत आलेली मूळ वस्तू कायमची बदलते. दुर्बिणीसाठी हँडल हवंच असेल तर सुटा दुसरा बोल्ट घ्या, जाणत्या कारागिराकडून त्याचं हेडस्पेस जुळवून घ्या आणि मूळ बोल्ट जपून ठेवा.

जिथे थांबायचं

काही खुणा दिसल्या की साफसफाईचा विषय संपतो. प्रायमर पूर्ण सपाट होऊन कडांपर्यंत पसरलेला, किंवा त्याला भोक पडलेलं. पुंगळीच्या बुडाच्या जरा वर चमकदार गोल पट्टा. तारेचा आकडा करून पुंगळीच्या आतून फिरवल्यावर त्याच जागी लागणारी खाच. पहिल्याच, थंड गोळीला अडकणारा बोल्ट. यांपैकी काहीही आढळलं तर त्या दिवशी रायफल बंद, आणि हेडस्पेस व लग कारागिराकडून तपासून घ्यायचे. दाबाचा दोष मोगरीने उघडता येतो, पण मोगरी रोज थोडा थोडा लग मारत असते.

अडकलेलं काडतूस उडालेलं नसेल तर नियम अगदी वेगळे. नळी सुरक्षित दिशेला, निदान अर्धा मिनिट वाट पाहायची, कारण उशिरा पेटणारं काडतूस असू शकतं. बोल्टवर ठोका मारायचा नाही. नळीत मागच्या बाजूने काही घालून काडतूस ढकलायचं तर मुळीच नाही. ते काम कारागिराचं.

एक कारण असं आहे की ज्यावर घरी उपाय नाही: खड्डे. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. जळल्यावर त्याचं पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. ते हवेतली ओल ओढतं आणि पोलाद खातं. तेलात ते विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. सैनिकाच्या कुपीत तेलाबरोबर पाण्यात केलेलं अल्कलीचं द्रावण कशाला, त्याचं उत्तर हे. अशी काडतुसं वापरली की त्याच दिवशी आधी गरम पाणी, मग द्रावण, मग तेल, आणि चेंबर व बोल्टचं तोंड विसरायचं नाही.

हे वर्षानुवर्षं न झालेला चेंबर बॅटरीच्या उजेडात काळ्या ठिपक्यांनी भरलेला दिसतो. पुंगळी त्या खड्ड्यांत फुगते आणि धरली जाते. माझ्याकडे दुसरी एक मोसिन आहे, तुला शहरातल्या कारखान्याची, १९३८ ची, तिचा दस्ता माझ्या इझेव्हस्कपेक्षा कितीतरी सुंदर आहे आणि चेंबर असा ठिपक्यांचा आहे. तिच्यातून मी फक्त पितळी काडतुसं उडवतो, एका बैठकीला दहा. दहाव्यानंतर हँडल जरासं जड होतं, तेव्हा मी तिला पुसून खाली ठेवतो.